चादर वाळता कामा नये

शेवटी वहिनीने दोरी काढली. चादर, शर्ट आणि मोजा घरात घेतला, भिंतीतला खिळा उपटायला लावला आणि सासऱ्यांची खुर्ची खिडकीशी ओढली. अख्ख्या गल्लीने हे उघड्या डोळ्यांनी पाहिलं.

असं काही घडलेलं नाही. पर्यटन खात्याच्या म्हणण्यानुसार दोरी जागच्या जागी आहे, चादर ओली आहे आणि तिच्यातून थेंब नियमाप्रमाणे पडत आहेत. आता एवढं मोठं खातं, ज्याचं स्वतःचं गाणंसुद्धा आहे, ते उगाच कशाला खोटं बोलेल? तेव्हा वरचं कोणी मनावर घेऊ नये. जे घडलंच नाही ते कसकसं घडलं नाही, तेवढंच इथे सांगायचं आहे.

वहिनी इस्त्रीवाली. सगळी गल्ली तिला वहिनीच म्हणायची, अगदी वयाने तिच्या दुप्पट असलेला चहावालासुद्धा. पहिल्या मजल्यावर दोन खोल्या. मागच्या खोलीत स्वयंपाक, संसार आणि बंदराजवळच्या हॉटेलांतून आलेल्या चादरींचे गठ्ठे. पुढच्या खोलीत इस्त्रीचं टेबल, एक खिडकी आणि खिडकीच्या आत सासरे. नवरा बंदरावर उतरलेल्या पर्यटकांना बसमधून गावात आणायचा. धाकटा दीर, म्हणजे भावोजी, गाईड होता. तो त्यांना गावभर फिरवायचा. फिरून फिरून ते ज्या चादरींवर आडवे व्हायचे, त्या चादरी वहिनी सरळ करायची. देशाची अर्थव्यवस्था म्हणून जे काही वर्तमानपत्रात छापून येतं, ते या घरात रोज संध्याकाळी एकाच नळाखाली पाय धुवायचं.

म्हणजे पर्यटनाशी या घराचं वाकडं असायचं काही कारण नव्हतं. वाकडं झालं ते नवऱ्याने एकदा कपडे धुतले म्हणून.

वहिनीला ताप होता. नवरा म्हणाला, "तू पडून राहा, मी बघतो." लग्नानंतर हे वाक्य त्याने पहिल्यांदाच उच्चारलं होतं. वहिनीला वाटलं, ताप डोक्यात गेला, आणि तिने डोळे मिटून घेतले. तेवढ्यात त्याने पट्टेरी चादर धुतली, स्वतःचा पिवळा शर्ट धुतला, मोजे धुतले. खिडकीच्या बाहेर या टोकापासून त्या टोकापर्यंत दोरी होती. चादर त्याने न पिळताच टाकली, तीही तिरकी. चिमटे संपले म्हणून शर्ट एका बाहीवर लटकवला, त्यामुळे तो शर्ट कोणाला तरी टाटा करतोय असं दिसायला लागलं. मोजा एकच टांगला; दुसरा बादलीत राहिला आणि पाण्याबरोबर मोरीत गेला. नेमकी त्या वेळी खालून एक परदेशी बाई चालली होती. तिने मान वर केली. चादरीतून एक थेंब सुटला होता. तिने फोटो काढला.

फोटो आधी तिकडच्या एका मासिकात आला, मग विमानातल्या खुर्च्यांच्या पाठीवर, आणि मग फिरत फिरत इथल्याच खात्याच्या माहितीपुस्तिकेवर. खाली ओळ होती, 'इथे अजून खरी माणसं राहतात.'

नवऱ्याने आयुष्यात एकदा कपडे वाळत घातले आणि ते जगाला आवडले. याचा वहिनीला जो राग आला, तो अजून गेलेला नाही.

माणसं यायला लागली. पूर्वी बंदरात एखादं जहाज लागलं तर पोरं बघायला धावायची. आता जहाजं एकमेकांना शिंगं मारल्यासारखी दाटीवाटीने उभी राहायची. चहावाल्याने दुसरी शेगडी घेतली. कुलपं दुरुस्त करणाऱ्याने कुलपं सोडली आणि पिवळ्या शर्टाची किचेनं विकायला बसला. त्याच्याकडे मोजेही मिळायचे, पण कोणी जोडी मागितली की त्याला अपमान वाटायचा. भावोजीने 'आता वर पाहा' हे वाक्य दिसेल त्या भाषेत पाठ करून टाकलं.

मग खात्याने दृश्य निरीक्षक नेमला. तरुण, टापटीप, आणि हातात न्हाव्याकडे असतो तसा पाण्याचा फवारा. त्याने वाचून दाखवलेला आदेश सोपा होता. चादर तीच, तेवढीच तिरकी. शर्ट त्याच बाहीवर. मोजा एकच. आणि ज्या अर्थी फोटोत थेंब आहे, त्या अर्थी उजाडल्यापासून मावळेपर्यंत चादर वाळता कामा नये.

"साहेब, चादर वाळवायलाच टाकतात," वहिनी म्हणाली.

"टाकायची. वाळवायची नाही. वाळलेली चादर त्यांच्या देशातही असते, वहिनी. त्यासाठी ते विमानात बसणार नाहीत."

साहेबसुद्धा वहिनीच म्हणायला लागला म्हटल्यावर वहिनीने जास्त ताणलं नाही. ती मगाने पाणी मारायची, तो येऊन फवारा मारायचा. घरातले खरे कपडे मागच्या खोलीत पंख्याखाली वाळायचे, म्हणजे वाळायचे नाहीत. नवरा दमट बनियनवर बस चालवायचा आणि शिंकला की पुढच्या रांगेतले पर्यटक आपापल्या भाषेत शुभेच्छा द्यायचे. चादरीला बुरशी आली तेव्हा खात्याने नव्या पुस्तिकेत तिचा वेगळा फोटो टाकला, 'काळाच्या खुणा' म्हणून.

हे सगळं वहिनीने चालवून घेतलं असतं. गल्ली पोटभर जेवत होती, घरही जेवत होतं. चालवून घेता आलं नाही ते एकच, ऊन.

सासरे बंदरावर क्रेन चालवायचे. सगळी नोकरी उंचावर, काचेच्या डब्यात, चारी बाजूंनी ऊन. निवृत्त होऊन जमिनीवर उतरले आणि गुडघ्यांनी असहकार पुकारला, पाठोपाठ बोटांनी. जिना उतरणं तर सोडाच, जिन्याकडे बघूनही ते दमायचे. डॉक्टर म्हणाले, सकाळचं ऊन घ्या, त्याच्यावरचं औषध माझ्याकडे नाही. आणि घरात ऊन यायचं ते त्या एकाच खिडकीतून, तेही फक्त सकाळी. फरशीवर एक चौकोन पडायचा, हळूहळू इस्त्रीच्या टेबलाखाली जायचा आणि नाहीसा व्हायचा. सासरे त्या चौकोनात पाय सोडून बसायचे, कढत पाण्यात सोडावेत तसे. तेवढा वेळ त्यांची बोटं त्यांचं ऐकायची. आपला कप ते आपण उचलायचे, आणि पोर्टवरच्या मुकादमाला त्याच्या पश्चात शिव्या द्यायचे.

चादर कायमची लागली आणि चौकोन गेला. आत यायचा तो नुसता ओलसर उजेड. सासऱ्यांच्या अंगावर पट्टे पडायचे. हिवाळा लागला तसा कप वहिनीला धरावा लागायला लागला. शिव्याही बंद झाल्या, आणि तिला खरी काळजी वाटली ती त्याची.

"सूनबाई, आज ढग आहेत का गं?" ते विचारायचे.

बाहेर डोळे दिपतील असं ऊन. "हो मामंजी, आहेत थोडे."

"कालही होते."

"हवाच तशी आहे."

एका सकाळी ते बराच वेळ खिडकीकडे बघत राहिले आणि म्हणाले, "क्रेनवर इतकी वर्षं काढली, पण पट्ट्यापट्ट्यांचा ढग काही बघितला नव्हता."

वहिनीने इस्त्री उभी केली. हॉटेलच्या चादरीवर डाग पडायच्या आत उभी केली, हे तिचं नशीब.

निरीक्षक फवारा मारायला आला तसं तिने त्याला दारातच गाठलं. "सकाळच्याला चादर काढते. ऊन गेलं की परत लावते."

"सकाळीच तर जहाजं येतात."

"मग दुपारी बघू दे त्यांना."

"दुपारी ते जेवतात." निरीक्षकाने फवारा टेबलावर ठेवला आणि समजावणीचा सूर लावला. "वहिनी, ही चादर नाहीये. हे परकीय चलन आहे. हिच्यासाठी माणूस समुद्र ओलांडतो. आला की हॉटेलात राहतो, टॅक्सीत बसतो, जेवतो. जेवला की पोट बिघडतं, मग औषधवाल्याकडे जातो. त्याच्या एका पोटावर आपली किती पोटं! रस्ता, शाळा, सीमेवरच्या जवानाचे बूट, सगळं या एका चादरीतून ठिबकतं."

"आणि आमच्या मामंजींचे गुडघे?"

"ते स्थानिक आहेत," निरीक्षक म्हणाला. तो वाईट माणूस नव्हता. म्हणताना त्याने आवाज खाली घेतला. "स्थानिक माणूस आमच्या आकड्यांत येत नाही. आणि आलाच तर खर्चाच्या बाजूला येतो."

खुर्चीतून आवाज आला, "आमच्या वेळी त्या बाजूला मुकादम असायचा."

वहिनी चहावाल्याच्या टपरीवर गेली, तर बातमी तिच्या आधी पोचली होती. चहावाला, किचेनवाला आणि भावोजी असे तिघं बाकावर बसले होते, जणू मुलाखत घ्यायची आहे.

"वहिनी, माझ्या दोन्ही पोरी तुझ्या चादरीवर शिकतायत," चहावाला म्हणाला. "थोरली तर बँकेच्या परीक्षेला बसणारे. तुझ्या पाया पडतो, पण असलं काही डोक्यात घेऊ नकोस."

"मी कुलपांचं सामान भंगारात घातलंय," किचेनवाला म्हणाला. "माघारी फिरायला रस्ता नाही. उद्या हे एकएकटे मोजे कोण घेणार? लंगडे?"

"बाबांना मागच्या खोलीत हलवू," भावोजी म्हणाला. "जरा मोकळं होईल."

"मागच्या खोलीत ऊन नाही, भावोजी."

"मग पुढच्या खोलीत तरी कुठे आहे?"

"तिथे आहे. चादरीच्या पलीकडे उभं आहे. आत घ्या म्हणतंय."

भावोजी हसला, पण कोणी साथ दिली नाही म्हणून थांबला. वहिनी टपरीच्या खांबाला हात लावून उभी होती. समोरचे तिघंही खोटं बोलत नव्हते.

"हे बघा," ती म्हणाली, "मला पाहुण्यांचा राग नाही. मी त्यांच्याच चादरींवर जगते. येऊ देत, राहू देत, पोटं बिघडू देत. तुमच्या पोरी शिकू देत. पण हा देश जर आमच्या मामंजींच्या वाटणीच्या उन्हावर चालत असेल, तर देशाने त्यांच्यासमोर येऊन तसं सांगावं. जिना आहे. कठड्याला धरून चढावं."

देश काही आला नाही. आलं ते एक जहाज.

इतकं मोठं जहाज त्या बंदराने पाहिलं नव्हतं. त्यात पर्यटकांबरोबर बाहेरच्या प्रवासी कंपन्यांची बडी मंडळी होती. चादर पसंत पडली तर पुढची जहाजं इथेच लागणार होती. निरीक्षकाने नवा फवारा आणला. शर्टाच्या बाहीचा कोन पुस्तिका धरून तपासला. मग तो खाली गर्दीच्या पुढे जाऊन उभा राहिला. गल्ली खच्चून भरली. भावोजीने घसा साफ केला आणि म्हणाला, "आता वर पाहा."

सगळ्यांनी वर पाहिलं. खिडकीतून एक हात आला आणि त्याने मोजा आत नेला.

"हा कार्यक्रमाचा भाग आहे," भावोजी तिकडच्या भाषेत म्हणाला.

हात पुन्हा आला आणि शर्ट घेऊन गेला.

"हाही," भावोजी म्हणाला, पण आता त्याला घाम फुटला होता.

निरीक्षक ओरडला, "वहिनी! अहो, परकीय चलन आहे ते!" वहिनी खिडकीत आली, कमरेपर्यंत बाहेर वाकली आणि तिने चादरीला हात घातला. इतक्या दिवसांची ओली चादर, बैलासारखी जड. ती ओढू लागली. चादर येईना. दोरी ताणली, तिच्या हाताला काचली, खिळा कुरकुरला पण सुटला नाही. खाली कॅमेऱ्यांचा कडकडाट चालू होता.

कोपऱ्यावर बस उभी होती. वहिनीच्या नवऱ्याने हे सगळं काचेतून पाहिलं. बंदरावरचा नियम होता की चालकाने गाडी सोडायची नाही, आणि त्याने तो आजवर मोडला नव्हता. तो उतरला, गर्दीतून वाट काढत जिना चढला, बायकोला बाजूला केलं आणि खिडकीबाहेर हात घालून बसमधून आणलेल्या पकडीने खिळा धरला.

"तो सहजी निघायचा नाही," तो म्हणाला. "मी ठोकलाय."

"तुम्ही केलेलं सगळंच निस्तरायला अवघड असतं," वहिनी म्हणाली. "ओढा."

त्याने ओढला. खिळा, दोरी आणि भिंतीचा थोडा भाग असं सगळं एकदम सुटलं. चादर वहिनीच्या अंगावर कोसळली, आणि ती चादरीतून बाहेर येईपर्यंत खोलीत ऊन आलं होतं. तिने धापा टाकतच खुर्ची ओढली. सासऱ्यांच्या पायांवर ऊन पडलं, मग मांडीवर, मग तोंडावर. त्यांनी डोळे मिटले. मग स्पष्ट, खणखणीत आवाजात त्यांनी मुकादमाला एक शिवी घातली.

खाली एक म्हातारी परदेशी बाई भावोजीला विचारत होती, "हे काय झालं?"

भावोजीने वर पाहिलं. रोज तो दहादा वर पाहायचा, पण त्याला तिथे चादर दिसायची. आज खिडकीत त्याचे वडील दिसत होते. तोंडपाठ केलेल्या भाषांमधलं एकही वाक्य त्याला आठवेना. तो म्हणाला, "कपडे वाळले."

ते ज्याच्या त्याच्या भाषेत मागपर्यंत पोचलं आणि गल्लीत टाळ्या वाजल्या. चादर आजवर बऱ्याच जणांनी पाहिली होती. ती वाळलेली पाहणारे हेच पहिले. पुढच्या जहाजाचं काय, हे मात्र कोणालाच ठाऊक नव्हतं. शेगडीवर आधण ठेवता ठेवता चहावाल्याने तसं मोठ्याने बोलूनही दाखवलं, वहिनीला ऐकू जाईल असं. तिने ऐकलं. खिडकी तिने लावली नाही.

निरीक्षक वर आला तेव्हा रडवेला झाला होता. "आता मी वर काय कळवू?"

"काढली म्हणून कळवा," वहिनी म्हणाली.

"तसा रकानाच नाही. चादर ओली आहे, अर्धवट ओली आहे, फवाऱ्याची गरज आहे. एवढेच तीन आहेत." तो इस्त्रीच्या टेबलाला टेकून विचार करत राहिला. मग त्याचा चेहरा उजळला. "मी ओली आहे असंच कळवतो. कोण येतंय बघायला? चादर आहे. दोरी आहे. सगळं आहे." आणि इतका वेळ जे सरळ चाललं होतं तिथे त्याची सरकारी बुद्धी जागी झाली. त्याने खुर्चीकडे बोट केलं. "पण मग अडचण येते. कागदोपत्री या खिडकीवर चादर आहे. चादर आहे म्हणजे ऊन आत येत नाही. ऊन येत नसेल तर हे गृहस्थ कशात बसलेत?"

"त्यांनाच विचारा."

"आजोबा, तुम्ही कशात बसलाय?"

सासऱ्यांनी एक डोळा उघडला. "सावलीत बसलोय, साहेब. आज सावली जरा गरम आहे."

निरीक्षकाने ते लिहून घेतलं. मग सांगितलं की सावली बेकायदा गरम असल्याने खिडकी बंद ठेवावी लागेल. वहिनी म्हणाली, खिडकी उघडी राहील. तो म्हणाला, असं नियमात बसत नाही. नवरा म्हणाला, आमच्या घरात बरंच काही नियमात बसत नाही, पण जागा करून घेतो.

"आणि खोलीत ऊन मिळत नाही ही तक्रार कुठे करायची?" वहिनीने विचारलं.

"ती फक्त आंतरराष्ट्रीय पर्यटकाला करता येते," निरीक्षक म्हणाला. "त्याची आम्ही त्याच दिवशी दखल घेतो. कधीकधी फुलंही पाठवतो."

तो गेला. दुसऱ्या दिवशी खाली खात्याची पाटी लागली, 'येथे चादर आहे.' त्याच दिवशी इस्त्रीच्या टेबलावर कागद पसरला गेला. वहिनी सांगत होती, नवरा लिहीत होता, भावोजी सरकारी भाषा घालत होता आणि सासरे उन्हात बसून चुका काढत होते. पोचपावती न घेता परतायचं नाही असं ठरवून वहिनीने तो अर्ज स्वतः खात्यात नेऊन दिला. तो असा:

"प्रति, माननीय संचालक, पर्यटन खाते. विषय: राहत्या घरात आंतरराष्ट्रीय पर्यटक म्हणून मान्यता मिळणेबाबत. महोदय, वरील विषयान्वये कळविण्यात येते की, अर्जदार कुटुंब आपल्या देशात प्रदीर्घ मुक्कामास असून परतीची तारीख त्यांनी अद्याप निश्चित केलेली नाही. मुक्कामादरम्यान त्यांनी आपल्या देशात राहणे, जेवणे, प्रवास करणे व आजारी पडणे या सर्व बाबींवर नियमित खर्च केलेला असून, त्याबद्दल कोणीही त्यांचे आजवर बंदरावर स्वागत केलेले नाही. सबब, अर्जदारांस पूर्वलक्षी प्रभावाने पर्यटक घोषित करावे. त्यांच्या खोलीत आजवर न आलेल्या उन्हाबद्दल देशाने लेखी दिलगिरी व्यक्त करावी. आणि यापुढे अर्जदारांची खिडकी व सूर्य यांच्या दरम्यान उभ्या असलेल्या सर्व शासकीय बाबी, ज्यात माननीय खात्याचाही समावेश होतो, दररोज सकाळी मामंजींचा चहा होईपर्यंत बाजूला घेण्यात याव्यात, ही नम्र विनंती."